लहरी जनतेच्या, चारी कुणाची?

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलं की माळेगाव मागे पडतं आणि पणदरे येतं. दोन्ही अंगांना ऊस. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात खेळू लागलं ते १८८५ च्या सुमारास. तारा आणि पुढे बिनतारी संदेश सरकारच्या ताब्यात ठेवणारा इंडियन टेलिग्राफ ॲक्टही १८८५ चाच. कालव्याच्या पाण्यावरचा हक्क या भागाने अर्ज करून, भांडून, पाटकऱ्याच्या मागे लागून पदरात पाडून घेतला. हवेतल्या लहरींवरही आपला काही हक्क आहे, हे मात्र गावाच्या कानावर कुणी घातलं नाही.

तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लिहून ठेवला आहे. निमित्त क्रिकेटचं होतं. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकलं आणि दूरदर्शनशी तिचा खटका उडाला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, म्हणजे पुढे पुण्यात सार्वजनिक कामात वावरलेल्या आपल्या सावंतांनीच. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्या मर्यादित आहेत, म्हणून त्यांचं नियमन जनहितासाठी सार्वजनिक संस्थेनं करावं, असं त्यात म्हटलं आहे. मक्तेदारी सरकारची असो की धनवंतांची, दोन्ही सारख्याच घातक, हा त्यातला खरा गाभा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही केंद्र सरकारला लहरींचं मालक म्हटलं आहे ते ‘जनतेच्या वतीने’.

कागदावर मालक जनता, व्यवहारात लिलाव. २०२२ च्या ५जी लिलावात सुमारे दीड लाख कोटींची बोली लागली. असला पैसा मोजणारी कंपनी टॉवर आधी कुठे उभारणार, हे सांगायला नको.

तरी काही पट्टे सुटले. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग. आपलं वाय-फाय चालतं ते याच पट्ट्यांवर. म्हणजे ठरलेल्या शक्तीची मर्यादा पाळून पणदऱ्यात कुणी पाण्याच्या टाकीवर अँटेना लावली, तर लहरींसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. अडचण उसाची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. पाण्याने भरलेली पानं त्यांना गिळतात. लागणीला जोडणी झकास चालते, आणि ऊस पुरुषभर उंच झाला की ‘नेट गेलं’ म्हणून ओरड. म्हणून अँटेना पिकाच्या वर हवी, समोरासमोर दिसणारी.

या अडचणीवरचं दुसरं उत्तर पालघरमध्ये सापडतं. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने तिथल्या खामलोली परिसरात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यावर, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये, गावं जोडून पाहिली. या लहरी अर्धा मीटरहून लांब, झाडीझुडपांतून पुष्कळ निभावतात. याच गटाच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं की या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी देशात जवळजवळ सगळीकडे किमान १२ रिकाम्या पडून आहेत. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. पट्टा मात्र वाय-फायसारखा खुला झाला नाही. माझ्या मते आपल्याकडच्या लहरीधोरणातली ही सगळ्यात मोठी हुकलेली संधी.

बारामतीला बिनतारी जाळ्याची नवलाई नाही. २००६ च्या सुमारास इंटेल कंपनीने इथे वायमॅक्स या बिनतारी तंत्राचा प्रयोग केला. शाळा आणि रुग्णालय जोडण्याचा गाजावाजा झाला. पुढे जगभर वायमॅक्सच मागे पडलं. बाहेरून आलेला प्रकल्प तंत्रासोबत येतो आणि तंत्रासोबतच जातो.

त्या मानाने वारणेची गोष्ट जास्त शिकवणारी. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प निघाला, ५४ केंद्रांत संगणक बसले. शेतकऱ्याला हवं होतं थोडकंच: आपल्या उसाचं वजन किती भरलं, खतं किती उचलली, तोड कधी. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलचा एसएमएस बसवून दाखवला आणि काम स्वस्तात भागलं. पणदऱ्याच्या शेजारी माळेगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्याची संस्था, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, आता उसात संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते आहे. म्हणजे मागणी एसएमएसच्या पुढे गेली.

मग आज अडतं कुठे? लहरीत नाही, लहरींच्या मागच्या तारेत. कालवा गावाशेजारून वाहतो, पण चारी नसेल तर शेत कोरडंच.

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक वाय-फायच्या ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही सार्वजनिक डेटा कार्यालय थाटू शकतो; परवाना नाही, फी नाही. जुन्या एसटीडी-पीसीओचाच हा वारस. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१७ मध्ये त्याची कल्पना मांडली तेव्हा २ ते २० रुपयांच्या पुडीत इंटरनेट विकायचं बोलणं होतं. देशाचं उद्दिष्ट २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं; २०२४ संपताना आकडा अडीच लाखांच्या आसपास. कारण दुकानदाराला कंपन्या घरगुती जोडणी नव्हे, कैक पटींनी महाग अशी लीज्ड लाइन घ्यायला लावत होत्या. चार-पाच वर्षांनी, १६ जून २०२५ रोजी ‘ट्राय’ने आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर जोडणी अशा कार्यालयांना घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुपटीत द्यावी.

‘मोबाइल डेटा स्वस्त असताना हे कशाला?’ असं कुणी विचारेल. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यावर हा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. ज्या घरात आजी, आई-बाप आणि स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ पाहणारी दोन मुलं आहेत, तिथे दर महिन्याला रिचार्ज पाच.

पणदऱ्याच्या ग्रामसभेत हिशेब मागायचा तर दोन प्रश्न पुरेत. सरकारच्या ‘भारतनेट’ योजनेची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली असेल, तर ती आज चालू आहे का? आणि तिच्यावरून स्टँडवरच्या दुकानाला दुपटीच्या आतल्या दराने जोडणी मिळते का?