सरळ दृष्टिरेषा, वाकडी गोळी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रायफलने एल्कची शिकार करण्याचा परवाना मिळतो. एल्क हे आपल्या काश्मीरच्या हंगुलाच्या नात्यातले हरीण. नराचे वजन ३०० किलोच्या घरात. (युरोपात एल्क म्हणतात ते मूसला, तो प्राणी वेगळा.) भारतात १९७२ च्या कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे. तरी पहिल्यांदा एल्कमागे निघालेला शिकारी आधी मैदानावर रायफल आणि दुर्बीण का जुळवत बसतो, हे पाहण्यासारखे आहे.

दुर्बीण नळीच्या अक्षापेक्षा सुमारे ४ सेंमी उंच बसवलेली असते. तिच्यातून जाणारी दृष्टिरेषा सरळ असते. गोळी मात्र नळीबाहेर येताच खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या खडूसारखी. सेकंदाला ८२० मीटर वेगाने निघालेली गोळी २०० मीटर जायला सुमारे ०.२६ सेकंद घेते. ½ × ९.८ × ०.२६² करून पाहा: ३३ सेंमी! म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने अंशाच्या दहाव्या भागाइतकी वर रोखतात. गोळी २५ मीटरांच्या आसपास दृष्टिरेषा ओलांडून वर जाते, १०० मीटरांवर ६-७ सेंमी वर असते, २०० वर पुन्हा रेषेवर येते. गोळी आधी उसळी घेते हा समज यातूनच झाला असावा. नळीच्या अक्षाच्या वर ती कधीच जात नाही.

जुळवणी १०० मीटरांवर करता येते. तीन गोळ्या झाडून त्यांचा मध्य काढायचा. तो हवा त्यापेक्षा ३ सेंमी खाली आला, तर दुर्बिणीची चकती चार खटके फिरवायची. एक खटका म्हणजे पाव कला, १०० मीटरांवर सुमारे ७ मिमी. एकाच गोळीवरून चकती फिरवणे ही नवख्याची नेहमीची चूक. तीन गोळ्या एकमेकींपासून दूर पडत असतील तर चकतीचा उपयोग नाही. आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासावेत, मग स्वतःचा हात. प्रयोगशाळेत आपण एकाच वाचनावर विसंबत नाही, तसेच हे.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होते? ३०० मीटरांवर हीच गोळी दृष्टिरेषेच्या पाव मीटर खाली असते. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग उंचीला जेमतेम ४० सेंमी. त्याच्या मध्यावर धरलेला नेम त्याखाली जातो आणि जखमी जनावर रानात दूर जाऊन तडफडत मरते. म्हणून जाणते शिकारी नवख्याला २०० मीटरांपलीकडे चाप ओढू देत नाहीत आणि सरावातली एक गोळी मुद्दाम पूर्ण थंड नळीतून झाडायला लावतात. रानातली पहिली गोळी तशाच नळीतून सुटणार असते.