मुलाची मानसिक परीक्षा : ती कशासाठीं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या गांवीं डॉ. प्रिंगल मॉर्गन नांवाचे एक डॉक्टर होते. १८९६ सालीं त्यांनीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय पत्रांत एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाचें नांव पर्सी. मुलगा हुषार, खेळांत चपळ, डोळ्यांनीं निर्दोष. मोठमोठे गुणाकार तो झटकन् व बिनचूक करी. सात वर्षांचा असल्यापासून शाळेंतील व घरचे शिक्षक त्याच्यावर श्रम घेत होते. परंतु छापील मजकुरांतील अगदीं लहान शब्दहि त्याला मोठ्या कष्टानें वाचतां येई. स्वतःचें नांव लिहितांना अक्षरांची अदलाबदल होऊन 'पर्सी'चें 'प्रेसी' होई, आणि तें त्याच्या ध्यानांतहि येत नसे. त्याला कित्येक वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकाचें मत असें होतें कीं, सर्व शिक्षण तोंडी असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुषार ठरला असता.

एका डॉक्टरानें लिहून ठेवलें म्हणून पर्सी जगाला ठाऊक झाला. त्याचीं भावंडें मात्र आपल्याकडील वर्गावर्गांत बसलेलीं असतात. गोष्ट सांगूं लागला कीं घर हंसविणारा, बिघडलेली सायकल खटपट करून चालू करणारा मुलगा पुस्तक उघडतांच अडखळूं लागतो. वडील म्हणतात आळशी आहे; बाई म्हणतात लक्ष नाहीं; आजी मीठ-मोहऱ्या ओंवाळते. मराठींत अशा मुलासाठीं एकाक्षरी शब्द आहे : 'ढ'. अशोककालीन ब्राह्मी लिपींतील ढ आणि आजचा ढ यांत फारसा फरक पडलेला नाहीं, म्हणून जेथल्या तेथें राहणारा तो ढ, अशी एक मनोरंजक उपपत्तिहि सांगतात. ज्याच्या कपाळीं हें अक्षर येतें त्याला मात्र त्यांत मनोरंजन वाटत नाहीं.

पर्सीच्या अडचणीला पुढें डिस्लेक्सिया हें नांव रूढ झालें. अवधान टिकविण्याची व स्वतःला आवरण्याची अडचण म्हणजे एडीएचडी, आणि इतरांशीं संपर्क साधण्याची रीतच निराळी असणें म्हणजे स्वमग्नता किंवा ऑटिझम. हे सर्व मेंदूच्या वाढींतील भेद आहेत. ते जन्मापासूनचे किंवा अगदीं बाल्यांतले असतात, आणि लाडानें किंवा छडीच्या अभावानें उत्पन्न होत नाहींत. ते ओळखावयाचे कसे व ओळखून काय करावयाचें, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें पहिलें पद्धतशीर उत्तर पॅरिसमध्यें मिळालें. सामान्य वर्गांत ज्यांचा निभाव लागत नाहीं अशा मुलांची सोय कशी लावावी, याचा विचार करण्यासाठीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें १९०४ सालीं एक समिति नेमली. आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ तिचा सभासद होता. त्यानें थिओडोर सिमों या डॉक्टराच्या साह्यानें १९०५ सालीं ३० प्रश्नांची एक मालिका तयार केली. पेटत्या काडीमागें नजर फिरते का, चित्रांतील वस्तूंचीं नांवें सांगतां येतात का, ऐकलेले आंकडे पुन्हां म्हणतां येतात का, दोन वजनांतील जड कोणतें, अशा सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या त्या कसोट्या होत्या. कोणत्या मुलास निराळ्या रीतीनें शिकवावें लागेल हें कळावें, एवढाच बिनेचा हेतु होता. बुद्धि म्हणजे जन्मतः ठरलेलें व न वाढणारें भांडवल, हें मत त्याला मुळींच मान्य नव्हतें. मंद ठरलेल्या मुलांसाठीं त्यानें मनाच्या व्यायामाचे पाठ आंखले होते. १९११ सालीं तो वारला.

त्याच्या पश्चात् त्याच्या मोजपट्टीचें जें झालें तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत गेल्यावर ती साह्याचें साधन न राहतां निवाड्याचें साधन बनली. बोटींतून उतरणाऱ्या परदेशी लोकांना, त्यांची भाषा न जाणणाऱ्या परीक्षकांनीं, तिच्या आधारें मंदबुद्धीचे ठरविलें. १९२७ सालीं तर मतिमंद म्हणून शिक्का बसलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या वंध्यीकरणास तेथील सर्वोच्च न्यायालयानें संमति दिली. पट्टी तीच होती. ती हातीं घेणाऱ्याचा हेतु बदलला होता. मुलाला परीक्षेस नेण्याची भीति ज्या आईबापांना वाटते ती अगदींच निराधार नव्हे, हें या इतिहासावरून दिसतें.

आपल्याकडे या कामाचा पाया डॉ. वि. वि. कामत यांनीं घातला. त्यांनीं बिनेच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविल्या, आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. 'नव्यानें बसविल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रश्नाचें भाषांतर केल्यानें कसोटी देशी होत नाहीं. जी वस्तु मुलानें पाहिली नाहीं तिचें नांव त्याला येत नाहीं यावरून त्याच्या बुद्धीविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. येथल्या मुलांपैकीं किती जणांना कोणत्या वयांत कोणता प्रश्न सुटतो हें प्रत्यक्ष पाहूनच पट्टीवरील खुणा कराव्या लागतात. पुढें नागपूर येथें डॉ. मालिन यांनीं वेक्स्लरच्या बालकसोटीचें भारतीय रूप सिद्ध केलें व तें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. अनेक दवाखान्यांतून तें दीर्घकाळ वापरलें गेलें आहे.

आतां प्रत्यक्ष परीक्षा कशी होते तें पाहावयाचें. पहिली तपासणी मनाची नव्हे. कानांची व डोळ्यांची. ज्याला फळ्यावरचें दिसत नाहीं किंवा सर्दीनें ज्याचे कान वारंवार दडे बसल्यासारखे होतात, त्याच्यावर मानसशास्त्राचे प्रयोग करण्यांत अर्थ नाहीं. मग आईबापांशीं सविस्तर बोलणें होतें : मूल केव्हां बसलें, केव्हां बोललें, झोंप कशी आहे, घरांत दुसऱ्या कोणाला असा त्रास होता काय. शाळेंतील शिक्षकांचा अभिप्राय मागविला जातो. वह्या पाहिल्या जातात. आणि अनुभवी परीक्षकाला एक मळकी वही छापील कसोटीइतकेंच सांगून जाते. नंतर बुद्धिमापन, आणि त्याच्या जोडीला वाचन, लेखन व गणित यांच्या निरनिराळ्या कसोट्या. हें काम तास-दोन तासांचें असतें आणि मूल दमलें तर दोन-तीन दिवसांत वांटून करावें लागतें. दहा मिनिटांत उरकलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

बुद्ध्यंकाच्या आंकड्याविषयीं घरोघर फार गैरसमज आहेत. १०० हा त्या त्या वयाच्या मुलांचा सरासरीचा आंकडा होय. सुमारें दोन तृतीयांश मुलें ८५ आणि ११५ यांच्या दरम्यान येतात. तोच मुलगा पुन्हां परीक्षेस बसला तर दोन-चार गुणांचा फरक सहज पडतो, म्हणून ९७वाला मागें आणि १०१वाला पुढें असें म्हणणें व्यर्थ आहे. शिवाय ही बेरीज फसवी असते. शब्दार्थ व तर्क यांत वरचढ असलेला मुलगा ऐकलेले आंकडे क्षणभर ध्यानांत ठेवण्यांत फार खालीं असला, तर दोहोंची सरासरी मध्यम येते आणि मूळ अडचण तींत बुडून जाते. कामाची गोष्ट ही चढउतारांत असते, एकूण आंकड्यांत नसते. आईबाप मात्र अहवालाचें शेवटचें पान उघडून आंकडाच पाहतात.

भाषेचा प्रश्न तर याहूनहि नाजूक आहे. घरीं मराठी बोलणाऱ्या व शाळेंत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची परीक्षा केवळ इंग्रजींत घेतली, तर दोष मेंदूचा कीं परक्या भाषेचा हें उमगत नाहीं. देवनागरी लिपीच्याहि स्वतःच्या खोड्या आहेत. घ आणि ध, भ आणि म यांत एखाद्या रेषेचाच भेद. ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधीं आणि उच्चारावयाची नंतर. 'धर्म' शब्दांतील र उच्चारावयाचा म च्या आधीं, पण बसावयाचा त्याच्या डोक्यावर. बहुतेक मुलें हें सहज पचवितात. पर्सीच्या जातीच्या मुलाला येथें पावलापावलाला ठेंच लागते. इंग्रजीसाठीं रचलेल्या कसोट्यांत या ठेंचांची नोंदच होत नाहीं.

अवधानाच्या अडचणीविषयीं एवढें सांगणें पुरे कीं, केवळ चुळबूळ करणारें मूल म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणें १२ वर्षांच्या आधींपासून असावीं लागतात, निदान सहा महिने टिकलेलीं असावीं लागतात आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसावीं लागतात. जो फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला उपद्रव देतो, त्याच्या बाबतींत दुसऱ्या बाजूचीहि चौकशी करावी.

परीक्षेनंतर उपाय. डिस्लेक्सियावर औषध नाहीं. डोळ्यांचे व्यायाम, रंगीत चष्मे यांनीं वाचन सुधारतें असें सिद्ध झालेलें नाहीं. त्यांत पैसा व त्याहून मोलाचा वेळ जातो. गुण येतो तो शिकविण्यानें, पण निराळ्या शिकविण्यानें. अमेरिकेंत सॅम्युएल ऑर्टन हे डॉक्टर व अॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनीं १९३० च्या सुमारास अशी एक पद्धति बांधली. प्रथम कानांना तयार करावयाचें : 'कमळ' शब्दांतील क काढला तर काय उरलें? 'मळ'. मग एका वेळीं थोडींच अक्षरें घ्यावयाचीं. डोळ्यांनीं पाहावयाचीं, तोंडानें म्हणावयाचीं आणि हातानें गिरवावयाचीं, तींहि एकाच वेळीं. मागचें पक्कें झाल्याखेरीज पुढचें नाहीं. हें ऐकून जुन्या पंतोजींच्या धूळपाटीची आठवण व्हावी. बोटानें धूळ रेखीत अक्षर मोठ्यानें म्हणण्यांत तत्त्व थोडेंफार हेंच होतें. मात्र पंतोजींजवळ छडीहि असे, आणि तिनें तत्त्वाचा बहुतेक लाभ घालविला. हे पाठ आठवड्यांतून अनेक वेळां, कित्येक महिने, कधीं वर्षें चालवावे लागतात. एडीएचडीमध्यें आईबापांना व शिक्षकांना दिलेलें शिक्षण, कामाचे लहान लहान तुकडे आणि जरूर तेथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध यांचा उपयोग होतो.

येथें एका दुखऱ्या जागीं बोट ठेवणें भाग आहे. १९९६ पासून महाराष्ट्रांत अध्ययन-अक्षमतेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेंत सवलती मिळूं लागल्या. अधिक वेळ, लेखनिक, इत्यादि. २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यानें मानलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता हीं दोन्ही आहेत. हें सर्व न्याय्यच झालें. परंतु त्यामुळें एक चमत्कारिक रीत पडली आहे. दुसरी-तिसरींत असतांना 'पुढें सुधारेल' म्हणून थांबलेलें कुटुंब मूल नववींत गेल्यावर दाखल्यासाठीं धांवत येतें. दाखला मिळतो, अधिक वेळ मिळतो, अहवाल कपाटांत जातो. वाचन होतें तेथेंच राहतें. ज्या परीक्षेच्या शेवटीं 'उद्यांपासून मुलाला काय व कसें शिकवावें' हें लिहिलेलें नाहीं, ती घेणारा कितीहि नामांकित असो, त्याच्याकडे आईबापांनीं परत जाऊन तेवढें लिहून मागावें. परीक्षक चिकित्सक-मानसशास्त्रज्ञ म्हणवीत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत त्याचें नांव आहे काय, हें विचारण्यांतहि संकोच नको.

स्वमग्नतेच्या बाबतींत तर अज्ञानाचा भुर्दंड आयांनीं भरला. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन करून ही अवस्था जगापुढें मांडली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, हें मत विद्वानांत मिरवत राहिलें. १९६७ सालीं ब्रुनो बेटलहाइम यांनीं त्यावर मोठा ग्रंथच लिहिला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ सालींच याचें खंडन केलें होतें. १९७७ सालीं फोल्स्टीन व रटर यांनीं २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशाचा वांटा दाखविला, तेव्हां त्या मताचा पाया ढांसळला. तरीहि 'आई नोकरीला जाते म्हणून' हें वाक्य आपल्याकडील नातेवाइकांच्या तोंडीं आजहि असतें. स्वमग्नता बरी करण्याचें औषध नाहीं, आणि तसें सांगणारा मनुष्य आईबापांस फसवीत आहे. वाणी-उपचार, दैनंदिन व्यवहारांचें शिक्षण, आणि मुलाबरोबर त्याच्या आवडीच्या खेळांत शिरून संपर्क साधण्याची आईबापांना दिलेली तालीम यांनीं मात्र पुष्कळ साधतें. लवकर आरंभ केला तर अधिक साधतें.

या सर्व खटाटोपांत अनेकदां एक अनपेक्षित गोष्ट घडते. मुलाच्या परीक्षेला वडील बरोबर आलेले असतात. परीक्षक प्रश्न विचारतो, आई उत्तरें देते, आणि वडील हळूहळू गप्प होतात. कारण जें मुलाविषयीं विचारलें जात आहे तें त्यांचेंच बालपण असतें. हे भेद घराण्यांत उतरतात आणि वय वाढल्यानें आपोआप नाहींसे होत नाहींत. चाळीस वर्षांचा मनुष्य ते झांकावयास शिकलेला असतो एवढेंच. मुलींच्या बाबतींत तर हें झांकणें लहानपणींच सुरू होतें. जी दंगा करीत नाहीं, खिडकींतून बाहेर पाहत बसते, तिला कोणी परीक्षेस नेत नाहीं. आणि तीस-पस्तिसाव्या वर्षीं ती स्वतःलाच निष्काळजी म्हणत असते.

मोठ्या माणसांची परीक्षाहि होते. तिला जुनीं प्रगतिपुस्तकें लागतात, वडीलधाऱ्यांची आठवण लागते. चिंता किंवा खिन्नता यांनींच तर लक्ष उडालेलें नाहीं ना, हेंहि पाहावें लागतें. रक्त तपासून यांतलें कांहीं कळत नाहीं. उपचारांत कामाची आंखणी, विचारांना व सवयींना वळण लावणारी मानसोपचाराची बैठक, आणि एडीएचडी असल्यास औषध यांचा समावेश होतो. कित्येकांना याहून थोडकेंच हवें असतें : वरिष्ठांनीं हुकूम तोंडी न देतां लिहून द्यावा, किंवा उलट, लांबलचक लेखी टिपण कोणी वाचून दाखवावें. मराठी मजकूर मोठ्यानें वाचणारी सोय आतां साध्या मोबाइलवरहि असते. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर भागविलेला मनुष्य ती कानाला लावून बसतो आणि अग्रलेख शेवटपर्यंत ऐकतो.