कपॅसिटर नेमका कुठे बसवायचा?

मागच्या व्याख्यानात आपण पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. फीडरवरची वीजहानी कमी करायला कपॅसिटर बसवायचा हे ठरलं. पण तो कुठे? प्रश्न साधा वाटतो. जागा चुकली, तर मात्र पैसे जातात आणि हानी तेवढीच राहते.

आधी थोडी उजळणी. शेतीपंपाची मोटार दोन प्रकारचा प्रवाह घेते. एक पाणी उपसतो. दुसरा मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र उभं करतो; तो नुसता ये-जा करतो. हा रिॲक्टिव्ह प्रवाह. एसटीत जागा अडवून बसलेल्या आणि कुठेच न उतरणाऱ्या प्रवाशासारखा! तार मात्र दोघांमुळेही तापते, आणि हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर त्याचा वर्ग ०.४९. म्हणजे तारांमधली ४९ टक्के हानी कामाच्या प्रवाहामुळे आणि उरलेली ५१ टक्के रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे. निम्मी हानी अशा प्रवाहापायी, ज्यातून पाण्याचा थेंबही वर येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ११ केव्हीचा, १२ किलोमीटर लांबीचा फीडर. तार सगळीकडे एकाच जाडीची, पंप सारखे पसरलेले, आणि रिॲक्टिव्ह मागणी एकूण ९०० केव्हीएआर.

पहिला पर्याय: ९०० चा कपॅसिटर उपकेंद्रातच बसवू. देखभाल सोपी. उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा भार हलका होतो, हे खरं. पण पंपांना लागणारा प्रवाह तिथून निघून पूर्वीसारखाच फीडरभर धावतो. या १२ किलोमीटरमध्ये बचत शून्य.

दुसरा पर्याय: तोच कपॅसिटर शेवटच्या खांबावर. आता प्रवाह शेवटाकडून उलटा उपकेंद्राकडे येतो. दिशा बदलली, पण वर्ग केल्यावर दिशेला अर्थ उरत नाही. बचत पुन्हा शून्य! इथे बरेच जण चमकतात. कागदावर करून बघा.

तिसरा पर्याय: ६०० चा कपॅसिटर, ८ किलोमीटरवर. त्यातले ३०० पुढच्या ४ किलोमीटरला जातात, ३०० मागच्या ४ किलोमीटरला. उपकेंद्राजवळच्या ४ किलोमीटरला लागणारे ३०० उपकेंद्र देतं. पूर्वी तारेवर जास्तीत जास्त ९०० वाहत होते. आता कुठेही ३०० च्या वर नाही. हिशेब केला तर रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे होणारी हानी एक-नवमांश उरते. म्हणजे ८९ टक्के बचत, आणि तीही लहान कपॅसिटरने.

हाच तो 'दोन-तृतीयांश नियम': मागणीच्या दोन-तृतीयांश कपॅसिटर, दोन-तृतीयांश अंतरावर. नीगल आणि सॅमसन यांनी १९५६ साली हे गणित मांडलं. एकाऐवजी ३६० चे दोन कपॅसिटर योग्य जागी बसवले तर बचत ९६ टक्क्यांवर जाते. दुसऱ्याने भर पडली फक्त सात टक्क्यांची. म्हणून संख्या वाढवण्याआधी जागा तपासायची.

अर्थात, खरा फीडर इतका सरळ नसतो. फाटे असतात, तारा वेगवेगळ्या जाडीच्या असतात. मग प्रत्येक तुकड्याचा भार मोजून संगणकावर हिशेब करावा लागतो. दुसरं म्हणजे भार बदलतो. पंप बंद झाले आणि कपॅसिटर चालूच राहिला, तर व्होल्टेज गरजेपेक्षा वाढतं, उलट्या प्रवाहाने हानीही होते. म्हणून कायम जोडलेला कपॅसिटर किमान मागणीइतकाच ठेवायचा. बाकीचे आपोआप चालू-बंद होणारे घ्यायचे.

मग सगळ्यात चांगली जागा कोणती? खुद्द पंप! ५ अश्वशक्तीच्या मोटारीला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. तो मोटारीबरोबरच चालू होतो, बंद होतो; डीपीपासून पंपापर्यंतच्या तारांतली हानीही कमी करतो, आणि शेवटच्या शेतकऱ्याला व्होल्टेज बरं मिळतं. पण तो फुगला, खराब झाला की काढून टाकला जातो आणि नवा बसतच नाही. असे शंभर पंप झाले की फीडरची निम्मी हानी परत हजर. तेव्हा गावी गेलात तर आपल्या पंपाच्या पेटीत कपॅसिटर आहे का, एवढं वायरमनला जरूर विचारा.