आगीत न वितळणारं पातं

बसा रे नीट. आज गोष्ट एका उधळ्या यंत्राची.

गाव स्वित्झर्लंडमधलं नूशातेल, साल 1939. युरोपात युद्ध दारात येऊन ठेपलेलं. म्हणून या गावाने बाँब पडला तरी धक्का लागू नये अशा इमारतीत एक वीजयंत्र बसवलं. गावाला वीज पुरवण्यासाठी बसवलेलं जगातलं ते पहिलं गॅस टर्बाइन. चाचणी घ्यायला आले प्राध्यापक ऑरेल स्टोडोला. वय वर्षं ऐंशी! म्हणजे म्हाताऱ्यांना नवी यंत्रं कळत नाहीत, असं पुन्हा म्हणायचं नाही.

यंत्राची रीत सोपी. पुढचा कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि दाबतो. मधे इंधन जळतं. तापलेला वायू फुगतो, मागच्या पात्यांवर आदळतो आणि चाक गरगर फिरवतो. नूशातेलचं चाक 15,400 किलोवॅट शक्ती द्यायचं. पण हवा दाबायला ताकद फार लागते, त्यामुळे त्यातली 11,400 किलोवॅट कॉम्प्रेसरच गिळायचा! गावाच्या हाती उरायची 4,000. इंधनातल्या शंभर भाग उष्णतेपैकी वीज व्हायची जेमतेम 17.4 भाग. बाकी सगळी धुराड्यातून आभाळात.

“मग ते भंगारात नाही टाकलं?” असं विचारतोयस ना, चिनू? अरे, अडीअडचणीला झटकन सुरू होणारं म्हणून ते थेट 2002 पर्यंत कामाला होतं.

आता हा उधळेपणा कमी कसा करायचा? त्याचं उत्तर सादी कार्नो नावाच्या एका फ्रेंच तरुणाने 1824 मध्येच लिहून ठेवलं होतं. तो म्हणाला, उष्णता धबधब्यासारखी असते. पाणी जितक्या उंचावरून पडेल तितकं जास्त काम करतं. उष्णताही जितक्या वरच्या तापमानावरून खाली उतरेल, तितकं तिच्याकडून जास्त काम करून घेता येतं. नूशातेलच्या वायूचं तापमान होतं साधारण 550 अंश सेल्सिअस. म्हणजे उपाय एकच: आग आणखी तापवायची.

“मग तापवायची की!” अगं मुक्ते, पाती कशाची असतात? निकेलच्या मिश्रधातूची. तो 1,300 ते 1,350 अंशांच्या आसपास वितळायला लागतो. आणि आजच्या मोठ्या टर्बाइनमध्ये पात्यांकडे येणारा वायू असतो 1,500-1,600 अंशांचा! म्हणजे पातं ज्या वायूत उभं आहे, त्यात त्याचं पाणीच व्हायला हवं. तरी ते मिनिटाला 3,000 फेऱ्या मारतं, कित्येक टनांची ओढ सोसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

ही जादू तीन युक्त्यांची आहे. पहिली वाऱ्याची. पातं आतून पोकळ असतं, अंगभर बारीक भोकं असतात. कॉम्प्रेसरमधली थोडी हवा आतून खेळवून त्या भोकांतून बाहेर सोडतात. ती पात्यावर पातळ थर धरते आणि आग अंगाला भिडत नाही. गंमत अशी, की या ‘थंड’ हवेचंच तापमान 400 अंशांच्या घरात असतं!

दुसरी युक्ती लेपाची. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा लेप, अर्धा मिलिमीटरही जाड नाही. त्यावर नासा या अमेरिकेच्या सरकारी संस्थेत 1970 च्या दशकात बरंच काम झालं.

तिसरी मला सगळ्यात आवडते. धातू गोठताना त्यात असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना खेटून वाढतात. तापलेला धातू ओढ बसली की या स्फटिकांच्या शिवणीवर उसवतो. मग शिवणच नको! आधी मेणाचं पातं करायचं, त्यावर सिरॅमिकचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. आपल्या ओतारींची ही जुनीच रीत. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वराने मूर्ती अशाच ओतायला सांगितल्या आहेत. पुढचं मात्र नवं. साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवतात, म्हणजे धातू तळापासून गोठत जातो. तळाशी एक नागमोडी चिंचोळी वाट ठेवलेली असते. खूप स्फटिक तिच्यात शिरतात, पण पार होतो एकच. तोच वाढत वाढत अख्खं पातं होतो.

विमानांच्या इंजिनांत हे आधी साधलं होतं. पण वीजकेंद्राचं पातं त्याहून कितीतरी मोठं आणि जड. तेवढा निर्दोष स्फटिक वाढवायचा, तर आधी वर्षानुवर्षं वाया जाणारी पाती ओतावी लागतात. एकट्या कंपनीला हा खर्च कसा झेपावा? म्हणून 1992 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कंपन्या, विद्यापीठं आणि सरकारी प्रयोगशाळांना एकत्र जुंपलं. लक्ष्य ठरलं: इंधनातल्या उष्णतेपैकी 60 टक्क्यांची वीज करायची. वर अट: हवा बिघडता कामा नये. कारण आकाशात वीज कडाडली की हवेतला आळशी नायट्रोजनही ऑक्सिजनशी जोडला जातो, तसंच फार तापलेल्या ज्वालेतही होतं आणि विषारी वायू बनतो. त्यावर तोड म्हणजे इंधन आधीच भरपूर हवेत मिसळून जाळायचं, कुठेही अतिकडक ज्वाला होऊ द्यायची नाही. या खटाटोपातून निघालेलं, वाफेने पाती थंड ठेवणारं टर्बाइन 2003 मध्ये वेल्समधल्या बॅग्लन बे इथे चालू झालं. जपान सरकारनेही 2004 पासून 1,700 अंशांच्या टर्बाइनसाठी पैसा ओतला. त्यातल्याच तंत्रावर उभं राहिलेलं 1,600 अंशांचं यंत्र 2011 मध्ये फिरायला लागलं.

आणि धुराड्यातून जाणारी उष्णता? तिने पाणी उकळायचं, वाफेवर दुसरं टर्बाइन चालवायचं. हिशेब करा. शंभरातले 40 पहिल्याने घेतले, उरलेल्या साठातला तिसरा हिस्सा दुसऱ्याने. झाले साठ! आपल्या उरणच्या वायू वीजकेंद्रातही टर्बाइनच्या गरम वायूवर अशीच वाफ करतात. जर्मनीत इर्शिंगला 2011 मध्ये 60.75 टक्के साधले, फ्रान्समध्ये बूशँला 2016 मध्ये 62.22.

“मग शंभर टक्के कधी?” कधीच नाही, चिनू. कार्नोचं गणित आड येतं. वायू 1,600 अंशांचा आणि बाहेरची हवा 27 अंशांची असेल, तर शंभरातले किमान 16 भाग निसर्गाला द्यावेच लागतात. ती खंडणी कुठलंही सरकार माफ करू शकत नाही. माणसाची सगळी धडपड वरच्या 84 भागांतली, आणि तिथेही अर्ध्या टक्क्यासाठी वर्षं जातात. तेव्हा उद्या कुणी शंभर टक्क्यांचं यंत्र विकायला दारात आलं, तर त्याला चहा जरूर पाजा. पैसे मात्र देऊ नका!