दोर बांधण्यापूर्वी जरा थांबा!

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी ओढून नेताना गिअरबॉक्स कसा वाचवावा?

- प्रतिनिधी

गाडी रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या टेम्पोला हात करायचा, डिकीतला दोर काढायचा आणि 'टोचन' लावून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची. गिअर न्यूट्रलला टाकला की गाडी मोकळी झाली, हा त्यामागचा समज. हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांच्या बाबतीत हा समज बराचसा खरा आहे आणि त्या गाड्यांवरच आपल्या वाहनचालकांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या आहेत. मात्र शहरांतील रस्त्यांवर आता ऑटोमॅटिक गाड्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. या गाड्यांना जुना उपाय लावणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय. मूळ बिघाड बॅटरीचा किंवा इंधनाच्या पंपाचा, म्हणजे काही हजारांत सुटणारा असतो. पण चुकीच्या पद्धतीने ओढत नेल्यामुळे गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा तिचा गिअरबॉक्सही निकामी झालेला असतो. तो बदलण्याचा खर्च अनेक गाड्यांच्या बाबतीत लाखाच्या घरात जातो.

न्यूट्रल म्हणजे सुटका नव्हे

असे का होते, हे समजून घेण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत डोकावावे लागेल. रूढ पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये 'टॉर्क कन्व्हर्टर' असतो आणि तो तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पाठवतो. गिअरबॉक्समध्ये ग्रहमालेसारखी एकमेकांभोवती फिरणारी दंतचक्रे, क्लचच्या चकत्यांचे संच आणि अनेक बेअरिंग असतात. या साऱ्यांना वंगण पुरवणे, थंड ठेवणे आणि क्लच दाबून धरणे, ही तिन्ही कामे एकच तेल करते. ते तेल फिरवणारा पंप मात्र इंजिनाच्या बाजूने, टॉर्क कन्व्हर्टरबरोबर फिरतो. इंजिन बंद, तर पंप बंद आणि पंप बंद, तर वंगणही बंद.

आता गाडी दोराने ओढली जात आहे, असे समजा. इंजिन बंद आहे, गिअरचा दांडा 'एन'वर आहे. तरीही ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते ती चाके आणि गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दंड यांचे नाते तुटलेले नसते. न्यूट्रलमध्ये फक्त आतले क्लच सुटतात. चाके फिरली की तो दंड फिरतो, त्याच्याबरोबर काही दंतचक्रे आणि बेअरिंग फिरू लागतात. तेल तळाशी साचून राहते आणि वरचे भाग कोरडे घासत राहतात. थोड्याच अंतरात उष्णता वाढते, क्लचच्या चकत्या जळतात, बेअरिंग व बुश झिजतात. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. गाडी नेहमीसारखी गुमान मागून येत असते.

हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत असे होत नाही, कारण तिच्या गिअरबॉक्समधील चक्रे तेलात बुडालेली असतात आणि फिरताना स्वतःच तेल उडवून घेतात. तिथे पंपावाचून सहसा अडत नाही.

ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही, त्याचेही कारण हेच. पंप फिरल्याशिवाय तेलाला दाब नाही आणि दाबाशिवाय क्लच धरत नाहीत. त्यामुळे चाकांची गती इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. 'जनरल मोटर्स'ने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांबरोबर बाजारात आणलेल्या 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्समध्ये चाकांच्या बाजूनेही फिरणारा दुसरा पंप होता. पुढे खर्च आणि गुंतागुंत कमी करण्यासाठी हा मागचा पंप काढून टाकण्यात आला आणि आजच्या गाड्यांत तो आढळत नाही. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या बॅटरीच्या केबल जोडून गाडी चालू करणे, हाच मार्ग.

'पी'वर ठेवून ओढणे तर त्याहून वाईट

गाडी 'पी' म्हणजे पार्कवर असते तेव्हा गिअरबॉक्समधील एका दातेरी चक्रात लहानशी पोलादी खिट्टी अडकते आणि शक्तीची चाके जखडली जातात. उभ्या गाडीला धरून ठेवणे एवढेच या खिट्टीचे काम. या स्थितीत क्रेनने गाडी हिसडली तर ती तुटू शकते आणि तिचे तुकडे आतल्या चक्रांचेही नुकसान करू शकतात. खिट्टी टिकलीच तर जखडलेली चाके रस्त्यावर घासत जातात आणि टायरची वाट लागते.

प्रत्येक 'ऑटोमॅटिक' वेगळी

बाजारात 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द वापरला जात असला तरी त्याखाली किमान चार प्रकारचे गिअरबॉक्स येतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे मालकाला ठाऊक असायलाच हवे.

पहिला प्रकार वर सांगितलेला, टॉर्क कन्व्हर्टरचा. दुसरा 'सीव्हीटी'. यात ठरावीक गिअर नसून दोन पुल्यांवर फिरणारा पोलादी पट्टा असतो. पट्ट्याची पकड तेलाच्या दाबावर अवलंबून असते. दाब नसताना चाकांनी पुली फिरवली तर पट्टा घसरतो, पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे उमटतात आणि दुरुस्तीऐवजी संपूर्ण संच बदलण्याची वेळ येते. तिसरा प्रकार दोन क्लचांचा, म्हणजे 'डीसीटी'. त्याची रचना मॅन्युअलच्या जवळची असली, तरी त्यातील अनेकांत वंगण व थंडावा पंपावर अवलंबून असल्याने तीच काळजी घ्यावी लागते.

चौथा प्रकार 'एएमटी'. मारुती सुझुकीने २०१४ मध्ये 'सेलेरिओ'तून हा प्रकार आणला आणि कमी किमतीच्या गाड्यांत ऑटोमॅटिकचा प्रसार झाला. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते. त्यामुळे ती खरोखर न्यूट्रलमध्ये असेल तर धोका तुलनेने कमी. परंतु बॅटरी पूर्ण उतरली किंवा यंत्रणाच बिघडली, तर गाडी पहिल्या गिअरमध्येच अडकून राहू शकते. दांडा 'एन'वर सरकवला म्हणून आतला गिअर सुटला, असे समजू नये. गाडी हाताने ढकलून पाहावी. चाके मोकळी फिरत नसतील तर शक्तीची चाके उचलल्याशिवाय ती हलवू नये.

विजेवर चालणाऱ्या आणि अनेक हायब्रीड गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या मोटारीत कायमचे चुंबक बसवलेले असतात. चाके फिरली की मोटार जनित्र बनते आणि वीज तयार होऊ लागते. गाडी बंद असताना अशी वीज तयार होणे तिच्या यंत्रणेला घातक ठरू शकते. म्हणून अशा गाड्या चारही चाके वर घेऊनच न्याव्यात, अशी सूचना उत्पादक सामान्यतः देतात.

मग गाडी न्यावी कशी?

सर्वांत सुरक्षित उत्तर एकच : सपाट पाठीची क्रेन, म्हणजे 'फ्लॅटबेड'. गाडी संपूर्ण तिच्यावर चढवली की एकही चाक फिरत नाही आणि गिअरबॉक्सचा प्रश्नच उरत नाही. चढवताना विंचने संथपणे काही फूट ओढण्यापुरती गाडी न्यूट्रलमध्ये असणे पुरते. ती न्यूट्रलमध्ये येतच नसेल, तर चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवून चढवावी. वर घेतल्यावर मात्र 'पी'वर टाकून हँडब्रेक ओढावा आणि पट्टे चाकांना बांधून घ्यावेत.

फ्लॅटबेड मिळत नसेल, तर शक्ती कोणत्या चाकांना मिळते यावर निर्णय घ्यावा. आपल्याकडील बहुतेक लहान व मध्यम गाड्यांत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते. अशी गाडी पुढून उचलावी. मागची चाके मोकळी फिरतात, त्यांचा गिअरबॉक्सशी संबंध नसतो. हँडब्रेक मात्र सोडायला विसरू नये. शक्ती मागच्या चाकांना असेल, तर मागून उचलावी आणि सुकाणू सरळ जखडून घ्यावे. चारही चाकांना शक्ती असलेली गाडी दोन चाकांवर कधीही नेऊ नये. फ्लॅटबेड किंवा जमिनीवरच्या चाकांखाली ट्रॉल्या, एवढेच दोन पर्याय.

'नो पार्किंग'मधून उचलल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. पुढून उचललेल्या गाडीची मागची चाके घासत किंवा अडखळत येत असतील, तर ती ओढणाऱ्याला तत्काळ थांबवून कारण दाखवून द्यावे. गाडी योग्य ठिकाणी उभी करणे, हा त्यावरचा खरा उपाय, हे सांगायला नकोच.

काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत ठरावीक वेगाने आणि ठरावीक अंतरापर्यंत न्यूट्रलमध्ये ओढण्याची मुभा देतात. जुन्या काही मर्सिडीज गाड्यांच्या बाबतीत ही मर्यादा ताशी ५० किलोमीटर वेग आणि ५० किलोमीटर अंतर अशी होती. दुसरे उत्पादक चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास साफ मनाई करतात. एका कंपनीची मुभा दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लावता येत नाही. गाडीसोबत येणारी पुस्तिका आपल्याकडे बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडताच पडून असते. तिच्यातील 'टोइंग'चे पान एकदा वाचून ठेवले, तर अनेक प्रसंग टळतील.

बॅटरी उतरली आणि दांडा हलेना

बॅटरी पूर्ण उतरल्यावर 'पी'वरचा दांडा हलत नाही, कारण तो सोडणारे कुलूप विजेवर चालते. अनेक गाड्यांत दांड्याच्या बाजूला झाकण असलेली लहान खाच असते. हँडब्रेक ओढून, ब्रेकचे पेडल दाबून त्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबला की दांडा 'एन'वर आणता येतो. बटणाने चालणाऱ्या नव्या गिअरना अशी खाच नसते आणि विजेवर चालणारा हँडब्रेकही बॅटरीशिवाय सुटत नाही. तिथे दुसऱ्या बॅटरीतून तात्पुरती वीज देणे हाच पहिला उपाय ठरतो.

दोराचा धोका केवळ यंत्रापुरता नाही

इंजिन बंद असलेल्या गाडीत ब्रेकला मदत करणारी यंत्रणा एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते. त्यानंतर ब्रेक लागतो, पण त्यासाठी कित्येक पट जोर लावावा लागतो. सुकाणूही जड होते. किल्ली काढलेली असेल तर ते कुलूपबंद होऊन गाडी वळतच नाही. बोर घाट किंवा कसारा घाट उतरताना दोराने बांधलेली गाडी पुढच्या गाडीवर आदळण्यास एवढे कारण पुरेसे आहे. घाटात दोराचा विचारही करू नये.

मोटार वाहन कायद्याखालील १९८९ च्या रस्ते नियमावलीत ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सुकाणूवर परवानाधारक चालक असावा किंवा तिची वळणारी चाके क्रेनने उचललेली असावीत, दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे आणि दोर इतरांना स्पष्ट दिसावा, अशा तरतुदी होत्या. त्या नियमावलीची जागा २०१७ च्या नियमावलीने घेतली असली, तरी या खबरदारीमागील तर्क आजही तितकाच लागू आहे.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अशी गाडी चालू होते का, हे पाहण्याचा मोह आवरायला हवा. इंजिनात पाणी शिरले असेल तर किल्ली फिरवताच आतले दांडे वाकू शकतात. गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतूनही पाणी शिरते आणि तेलात मिसळलेले पाणी क्लचच्या चकत्यांचे अस्तर सोडवते. बुडालेली गाडी चालू न करता, न ओढता, फ्लॅटबेडवरूनच हलवावी.

येथे विम्याचाही प्रश्न येतो. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे उद्भवणारे नुकसान सामान्यतः वगळलेले असते. आवश्यक ती दुरुस्ती न करता गाडी चालवल्याने वाढलेल्या नुकसानीची जबाबदारीही मालकावरच टाकलेली असते. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र जोड संरक्षण घेता येते. रस्त्यावरील मदतीची योजना घेताना 'क्रेन मिळेल का' एवढेच विचारू नये. 'फ्लॅटबेड मिळेल का आणि किती किलोमीटरपर्यंत' हे विचारून, कागदावर पाहून घ्यावे.

हे लक्षात ठेवा

* गाडी बंद पडताच धोक्याचे दिवे लावा. द्रुतगती मार्गावर प्रवाशांना कठड्यापलीकडे सुरक्षित उभे करा आणि त्रिकोणी फलक गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर ठेवा.
* वाहतुकीतून बाजूला घेण्यापुरती, न्यूट्रलमध्ये चालण्याच्या वेगाने काही मीटर गाडी ढकलण्यास सहसा हरकत नाही.
* राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.
* फोनवरच गाडीचे मॉडेल, 'ऑटोमॅटिक' असल्याचे आणि शक्ती कोणत्या चाकांना मिळते ते सांगा. फ्लॅटबेडचाच आग्रह धरा.
* ओढण्यासाठीचा हूक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच पूर्ण आवळून बसवा. बंपर किंवा चाकांच्या सांध्याला दोर बांधू नका.
* साधी क्रेन आली तर शक्तीची चाके वर उचलली आहेत आणि हँडब्रेक सोडला आहे, हे निघण्यापूर्वी स्वतः पाहा.
* गाडी चुकून ओढली गेली असेल, तर गॅरेजमध्ये ते लपवू नका. इंजिन चालू करण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग व वास तपासून घ्या. तेल काळपट आणि जळका वास येत असेल, तर गाडी चालवून पाहण्याआधी गिअरबॉक्स जाणकाराला दाखवा.

रस्त्याच्या कडेला तासभर क्रेनची वाट पाहणे कोणालाच आवडत नाही. मदतीला थांबलेल्या टेम्पोचालकाला नाही म्हणणेही जड जाते. पण त्या तासाभराचा मोबदला पाहिला, तर वाट पाहणेच स्वस्त पडते.