माय-माउल्यांच्या पोटाचा घेर कोण मोजणार?

भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे होतात, ही चांगली गोष्ट आहे. रक्तदाब तपासतात, बोटाला सुई टोचून साखर पाहतात, चष्म्याचा नंबर काढून देतात. पण साठीच्या घरातल्या आमच्या आयांच्या पोटाचा घेर टेप लावून मोजणारे शिबिर माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. एखाद्या माउलीजवळ विषय काढला तर ती पदर सावरत हसते आणि म्हणते, "वय झालं, आता पोट तं सुटनच." घरचे म्हणतात, म्हातारी खाऊनपिऊन सुखी आहे. पोट सुटले म्हणजे घर सुखवस्तू, हा समज सावकाराच्या आणि पाटलाच्या पोटाकडे पाहून झालेला आहे. आमच्या आयांचे पोट त्या जातीचे नाही.

पोटावरची चरबी दोन प्रकारची असते. एक कातडीखालची, चिमटीत येणारी. दुसरी आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठणारी. घातक आहे ती ही दुसरी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार एकामागून एक दार ठोठावतात. पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही चरबीसोबत वाढतो. बाईची पाळी चालू असते तोवर तिची चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर साठते. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटले, की ती पोटाकडे सरकते. ज्यांची 'पिशवी' काढताना बीजांडकोशही काढून टाकले जातात, त्यांच्यावर ही वेळ दहा-पंधरा वर्षे आधी येऊ शकते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

वजनकाट्यावर हे दुखणे कळत नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या कमरेचा आणि नितंबांचा घेर प्रथमच मोजला गेला. देशात वजन जास्त असलेल्या स्त्रिया २४ टक्के निघाल्या. पण नितंबांच्या मानाने कमरेचा घेर धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या स्त्रिया ५७ टक्के निघाल्या. म्हणजे काट्यावर बारीक दिसणारी बाईसुद्धा आतून चरबी बाळगून असते. तिला कोणी लठ्ठ म्हणत नाही, म्हणून तिला कोणी तपासतही नाही.

हे असे का होते, याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. पण फरक नुसत्या वजनाचा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईला अन्न पुरले नाही की गर्भ मेंदू वाचवतो, चरबी राखून ठेवतो आणि स्नायूंवर काटकसर करतो. युरोपातही हेच दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी हॉलंडची रसद तोडली. त्या उपासमारीच्या काळात ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत होत्या, त्या मुली पन्नाशीला आल्यावर त्यांच्या कमरेचा घेर इतरांपेक्षा जास्त भरला. मुलग्यांमध्ये तो फरक दिसला नाही.

आता आपल्याकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या साली जन्मलेली मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. आणि दुष्काळ कशाला हवा? वऱ्हाडात कापूस पिकून घरे भरत होती तेव्हाही भूमिहीन महाराच्या, मांगाच्या बाईला नवव्या महिन्यापर्यंत दुसऱ्याच्या वावरात निंदण करावे लागे आणि घरी सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेली भाकर वाट्याला येई. आज जिचे पोट सुटलेले दिसते, ती त्या आईच्या पोटी जन्मली आहे. तिच्या पोटावर दिसते ती दोन पिढ्यांची उपासमार आहे. याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या आईची मजुरी विचारावी.

बाबासाहेबांना हे वैद्यकशास्त्राच्या आधी उमगले होते, असे म्हटले तर कुणी भक्तीचा आरोप करील. पण नोंद पाहा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतीलाभ विधेयक आले तेव्हा त्यांनी पाठिंबा देताना सांगितले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ चा तो कायदा कारखान्यातल्या बाईपुरता राहिला. १९६१ चा केंद्राचा कायदाही कारखाने, खाणी, मळे आणि दुकाने यांच्या चौकटीतला. कापूस वेचणारी बाई त्या चौकटीत आजही बसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ ची मातृवंदना योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्या अपत्यापुरती. दुसऱ्यासाठी पुढे तरतूद झाली ती मुलगी झाली तरच. कायदा एक बोलतो आणि योजना दुसरे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

ताटाचीही गोष्ट आहे. वऱ्हाडात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, रेशनवर बहुतेक महिने गहू आणि तांदूळ मिळतो. ज्वारीची भाकर, चून आणि पालेभाजी हे ताट गरिबीचे म्हणून मागे पडले आणि दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, त्यात बुडवलेली बिस्किटे हे पाहुणचाराचे झाले. त्यात टोंगळे दुखायला लागले की वावरात जाणे सुटते, चालणे सुटते, होते तेवढे स्नायूही झिजतात.

धम्मात 'भोजने मत्तञ्ञुता' सांगितली आहे. कोसलचा राजा प्रसेनजित तुडुंब जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला आणि उपदेशानुसार हळूहळू आहार कमी करून सडपातळ झाला, ही कथा संयुत्त निकायात आहे. कथा चांगली आहे, पण प्रसेनजित राजा होता. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आईला तीच कथा सांगून मोकळे होणे हा शुद्ध ढोंगीपणा ठरेल. तिची साखर आणि तेल कमी करा, पण तिच्या ताटात डाळ, अंडे, मूठभर शेंगदाणे आधी वाढा. तिला संध्याकाळी चालायला सोबत द्या.

आणि घेर मोजा. वर्षावासात तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन चालते. ऐकायला येतात त्यांत निम्म्याहून अधिक याच माउल्या असतात. शिंप्याकडचा टेप दहा-वीस रुपयांना मिळतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप उघड्या अंगाला टेकवून मोजायचे. नऊवारीच्या घोळावरून मोजलेला आकडा खोटा निघतो, म्हणून हे काम बायांनीच बायांचे, आडोशाला करावे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८६ साली साठीच्या आसपासच्या हजारो स्त्रियांना टपालाने कागदी टेप पाठवून घरच्या घरी असेच मोजायला सांगितले होते. त्यांच्यापैकी पुढे कोण लवकर दगावेल याचा अंदाज वजनापेक्षा कमर-नितंबांच्या प्रमाणावरून अधिक बरोबर लागला. भारतीय स्त्रीसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. त्यापुढे आकडा गेला की साखर आणि रक्तदाब तपासायला इर्विनला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण सगळे वाचून आहोत.

सरकारवर उपकार म्हणून हे करायचे नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशाताईंनी ज्या तपासणी फॉर्ममध्ये भरायची असते, त्यात कमरेच्या घेराचा स्वतंत्र रकाना आहे. बाईचा घेर ८१ ते ९० असेल तर एक गुण, ९० च्या वर असेल तर दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तिला तपासणीला प्राधान्य द्यायचे. रकाना आहे, पण आशाताईच्या हातात टेप आहे का, तिला या कामाचा मोबदला वेळेवर मिळतो का, आणि आपल्या वस्तीत हा रकाना मोजून भरला की अंदाजाने, हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आरोग्य केंद्राचे नाव, गेल्या वर्षी भरलेल्या फॉर्मची संख्या आणि त्यातून तपासणीला पाठवलेल्या साठीपुढच्या महिलांची संख्या, एवढेच मागायचे. ज्या महिला मंडळाला अर्जाचा मसुदा हवा असेल, त्यांना तो मी लिहून देईन.