गुंठ्याएवढा पिक्सेल

बांधावरून वाद पेटला की अहिल्यानगरच्या चौदाही तालुक्यांत हल्ली एक सूर निघतो: सॅटेलाइटवरून मोजा, इंचाइंचाचा हिशेब लागेल. हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या मोफत चित्रांतला सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद असतो. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे जवळजवळ तेवढाच. अख्खा गुंठा एका ठिपक्यात मावत असेल, तर दोन-अडीच फुटांचा बांध त्यात दिसणार कसा? शेताला फेरी मारून क्षेत्र काढणारी मोबाइल ॲपही या कामाची नाहीत. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोन सुमारे 5 मीटरने चुकू शकतो. खासगी उपग्रहांची चित्रे 30 सेंटिमीटरपर्यंत बारीक असतात, हे खरे. पण त्यांत दिसतो तो आजचा बांध. शेजाऱ्याने वर्षानुवर्षे कोरत आणलेला असेल, तर तसाच कोरलेला.

मग मोजणीचा रोव्हर कशासाठी आहे, असे कोणी विचारील. भूमी अभिलेख खात्याने तो वापरात आणला हे चांगलेच झाले. कॉर्स या स्थिर केंद्रांकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेत तो काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. मात्र सांगतो ती आपण उभे आहोत ती जागा. हद्द कुठे होती, हे जुन्या कागदांवरूनच ठरवावे लागते: साखळीने केलेली मोजणी, 1947च्या कायद्यानंतर एकत्रीकरणात बनलेले गट, आणि पुढे भावाभावांत झालेल्या वाटण्या. या वाटण्या सातबाऱ्यावर चढल्या, पण नकाशात पोटहिस्सा अनेकदा पडलाच नाही. नसलेली रेघ रोव्हर कुठून आणणार? 2020मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणीही इथे उपयोगी नाही. ती गावठाणापुरती आहे, शिवारासाठी नाही. म्हणून जीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीचे पुढचे खरे काम सातबारा आणि नकाशा एकमेकांशी जुळवण्याचे आहे. ते किचकट आहे, आणि त्यात दाखवण्यासारखे काही नसल्याने मागे पडते.

पिकांच्या बाबतीतही वेगळे नाही. 30 जुलै 2025 रोजी झेपावलेला निसार उपग्रह रडारने ढगांपलीकडचे पाहतो आणि दर 12 दिवसांनी त्याच मार्गावर परततो, त्यामुळे भर पावसातला खरीपही नजरेच्या टप्प्यात येतो. पण जिरायत पट्ट्यात बाजरीत तूर किंवा मटकी मिसळून पेरलेली असते, तिथे कुठला संकेत कुठल्या पिकाचा, हे संगणकाला आधी माहीत असलेल्या शेतांवरूनच शिकवावे लागते. अशी माहिती 2021पासून राज्यभर चालणाऱ्या ई-पीक पाहणीतून मिळू शकते. शेतकरी चुकीचे पीक नोंदवतात, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणून पाहणी बंद केली, तर उपग्रहाचे उत्तर ताडून पाहायला काहीच उरणार नाही.